लेकीचा लेख आणि भावाची ती रात्र

पत्र:

ताई, नमस्कार. माझी मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकात तिने लेख लिहिलाय, ‘गांजा कायदेशीर का करावा’. माझा धाकटा भाऊ विसाव्या वर्षी गांजा ओढायला लागला. आधी मित्रांसोबत, मग रोज, मग एकटाच. बाविसाव्या वर्षी एका रात्री त्याने कात्रीने टीव्हीची वायर कापली, कारण बातम्या सांगणारा माणूस त्याचं नाव घेऊन बोलतोय असं त्याला वाटत होतं. मी त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. आज तो ४७ वर्षांचा आहे, आमच्याकडेच राहतो, रोज गोळ्या घेतो. मुलीला आम्ही ‘काकाला मानसिक आजार आहे’ एवढंच सांगितलंय. तिचा लेख वाचला आणि तो अंक मी कपाटात टाकून कुलूप लावलं. तीन आठवडे झाले, आमचं बोलणं बंद आहे. ती म्हणते, जगभर लोक याच्या बाजूने आहेत. खरंच लोकांना हे चांगलं वाटतं का? जिथे कायदेशीर झालं तिथे नेमकं काय झालं? आणि तिला मी कसं थांबवू?
— एक वडील

उत्तर:

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी कात्रीच्या वाक्याशी थांबले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असाल तुम्ही तेव्हा. एका हाताने भावाला धरायचं आणि दुसऱ्या हाताने कात्री सोडवायची, आणि नंतर पंचवीस वर्षं त्याबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही. हे ओझं काय असतं याची मला थोडीफार कल्पना आहे, कारण समुपदेशनाच्या कामात अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून आकडे आणि कायदे सांगण्याआधी एक गोष्ट सांगते. त्या अंकातला लेख वाचताना तुमच्या डोळ्यासमोर ती रात्र होती. लेख लिहिताना तुमच्या मुलीसमोर ती नव्हती, असणं शक्यच नव्हतं. तुम्ही दोघं एकाच विषयावर भांडताय असं तुम्हाला वाटतंय. मला नाही तसं वाटत.

आता तुमचा पहिला प्रश्न. लोकांना काय वाटतं?

याची सगळ्यात जुनी आणि सलग मोजणी अमेरिकेत झाली आहे, म्हणून तिथलेच आकडे देते. गॅलप या संस्थेने १९६९ मध्ये पहिल्यांदा विचारलं तेव्हा गांजा कायदेशीर करावा म्हणणारे १२ टक्के होते. २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. तुमची मुलगी बहुधा याच आकड्यावर उभी आहे आणि आकडा खरा आहे. पण त्याच गॅलपने २०२२ मध्ये जरा वेगळा प्रश्न विचारला होता: गांजाचा समाजावर परिणाम चांगला होतो की वाईट? तिथे मात्र लोक सरळ मधोमध दुभंगले, ४९ टक्के चांगला म्हणाले आणि ५० टक्के वाईट. म्हणजे ‘कायदेशीर करा’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच लोकांना तो चांगला वाटत नाही, तरीही त्यासाठी कुणाला तुरुंगात टाकू नये असं वाटतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात. माझ्या मनात नांदतात.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा तुमच्या घराला अगदी चपखल बसतो. ज्यांनी आयुष्यात कधीतरी गांजा घेऊन पाहिला होता त्यांच्यातल्या ६६ टक्के लोकांना समाजावरचा परिणाम चांगला वाटत होता. ज्यांनी कधीच घेतला नव्हता त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांना वाईट. माणूस काय पाहून आलाय त्यावर त्याचं मत ठरतं. ज्याने मित्रांसोबत दोनदा ओढला, हसला, झोपला आणि सकाळी कामाला गेला, त्याला सगळा गहजब अकारण वाटतो. ज्याने घरातल्या माणसाच्या हातातून कात्री काढून घेतली त्याला टक्केवारी ऐकवून काही होत नाही. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं.

तिथल्याच प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहणाऱ्या संस्थेने २०२४ च्या सुरुवातीला परिणाम एकेक करून विचारले, तेव्हाही हेच चित्र दिसलं. स्थानिक अर्थव्यवस्थेला फायदा होतो असं ५२ टक्के लोक म्हणाले. न्यायव्यवस्था अधिक न्याय्य होते असं ४२ टक्के म्हणाले. पण वस्तीच्या सुरक्षिततेवर आल्यावर पारडं फिरलं: असुरक्षित होते म्हणणारे ३४ टक्के, सुरक्षित होते म्हणणारे २१. आणि सगळं जग एकाच दिशेने चाललंय असंही नाही. न्यूझीलंडने २०२० मध्ये थेट सार्वमत घेतलं, तिथे ५०.७ टक्क्यांनी नाही म्हटलं आणि ४८.४ टक्क्यांनी हो. उरुग्वे हा २०१३ मध्ये पूर्ण कायदेशीर करणारा पहिला देश, आणि तिथे कायदा झाला तेव्हा जनमताच्या चाचण्यांमध्ये बहुमत विरोधातच होतं. सरकारने तरी तो केला. तेव्हा ‘लोक बाजूने आहेत’ हे वाक्य तुमच्या मुलीने जरा जपून वापरायला हवं, आणि ‘शहाणी माणसं याच्या विरोधातच असतात’ हे तुम्हीही.

आता मी तुमच्या मुलीची बाजू मांडणार आहे. शेवटपर्यंत वाचा.

काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आली होती. मुलगा एकोणीस वर्षांचा. खिशात पोलिसांना छोटी पुडी सापडली होती, चिमूटभर. मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला, पण ते प्रकरण पुढे चार वर्षं त्याच्या मागे राहिलं. नोकरीचा अर्ज भरताना ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ या ओळीपाशी त्याचं पेन थांबायचं. आईने ते अर्ज मला दाखवले. सगळे अर्धवट भरलेले, त्याच ओळीवर सोडून दिलेले. गांजा त्याने पुन्हा घेतला नाही. त्याचं नुकसान गांजाने कमी आणि त्या ओळीने जास्त केलं, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि ही गोष्ट एकट्या मुलाची नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने २०१३ मध्ये एक अहवाल काढला. २००१ ते २०१० या दहा वर्षांत तिथे गांजासाठी ८० लाखांहून जास्त अटका झाल्या आणि त्यातल्या ८८ टक्के निव्वळ जवळ बाळगल्याबद्दल होत्या. गांजा घेण्याचं प्रमाण गोऱ्या आणि काळ्या लोकांमध्ये साधारण सारखंच होतं, पण काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता जवळपास पावणेचार पट होती. कायद्याच्या विद्यार्थिनीने हे वाचून पेटून उठू नये तर कुणी उठावं? तिच्या लेखात हा मुद्दा असेल तर तो भक्कम आहे, आणि तुम्ही तो तिला तसा बोलूनही दाखवायला हवा.

तिला एक प्रश्न मात्र तुम्ही जरूर विचारा, वाद म्हणून नव्हे, खरंच समजून घ्यायला: ‘कायदेशीर’ म्हणजे तुझ्या मनात नेमकं काय आहे? या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या व्यवस्था येतात की दोन माणसं तासभर भांडतात आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळे देश असतात. पोर्तुगालने २००१ मध्ये काय केलं? स्वतःपुरतं जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, सगळ्याच अमली पदार्थांसाठी. पण विक्री बेकायदेशीरच राहिली, आणि पकडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो, जिथे उपचाराचं बोललं जातं. नेदरलँड्सचं नाव सगळे घेतात, पण तिथे गांजा कधीच पूर्ण कायदेशीर नव्हता. १९७६ पासून कॉफीशॉपमधली किरकोळ विक्री खपवून घेतली जाते, आणि त्या दुकानाच्या मागच्या दाराने येणारा माल मात्र कित्येक वर्षं बेकायदेशीरच राहिला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला परवानगी दिली. त्यानंतर सभासदांनी मिळून पिकवायचे क्लबही आले, पण सर्रास दुकानं नाहीत. उरुग्वेत नाव नोंदवावं लागतं आणि औषधाच्या दुकानातून महिन्याला जास्तीत जास्त ४० ग्रॅम मिळतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून रीतसर दुकानं, परवाने, वयाची अट. क्यूबेक प्रांताने तर ती अट नंतर वाढवून २१ वर्षांवर नेली.

आणि थायलंड. थायलंडची गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण वापराचे नियम ठरवणारा सविस्तर कायदा झालाच नाही. हजारो दुकानं उघडली. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, सरकारला परत फिरावं लागलं आणि गांजाच्या फुलांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीपुरती आणावी लागली. आधी दार उघडलं आणि चौकट नंतर बसवू म्हटलं, तर काय होतं ते तिथे दिसलं. तुमच्या मुलीने पुढचा लेख लिहायचा ठरवला तर तो या चौकटीवर लिहावा असं मला मनापासून वाटतं. करावं की करू नये यापेक्षा तो प्रश्न कठीण आहे, आणि त्यावर लिहिणारी माणसं कमी आहेत.

मग जिथे केलं तिथे झालं काय? तुम्हाला एका शब्दात उत्तर हवंय हे मला कळतं, पण ते नाही. शाळकरी मुलं सर्रास ओढायला लागतील ही सगळ्यात मोठी भीती होती. अमेरिकेत शाळकरी मुलांची दरवर्षी पाहणी होते, तिच्यात राज्यांनी कायदे बदलल्यानंतर तशी मोठी वाढ दिसली नाही. कोविडच्या साथीच्या काळात तर प्रमाण खाली आलं. प्रौढांमध्ये मात्र वापर वाढला, आणि रोज किंवा जवळपास रोज घेणारे वाढले. अपघातांबाबत अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यात मोजमापाचीच अडचण आहे. दारूसाठी फुंकर मारायचं यंत्र आहे, पण गांजातला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, नियमित घेणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यावरही कित्येक दिवस सापडू शकतो. त्यामुळे गाडी चालवताना तो नशेत होता की नाही हे फक्त रक्तावरून सांगता येत नाही. काळा बाजार बंद होईल असं सांगितलं गेलं होतं. कॅनडात तो बराच आकसला, कॅलिफोर्नियात आजही जोरात आहे. कर चढवले, दुकानांना परवानगी कमी दिली, की गिऱ्हाईक जुन्या विक्रेत्याकडेच जातं.

एक गोष्ट मात्र बरीच स्पष्ट दिसते आणि तिच्याबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं: लहान मुलं. गांजा घातलेली चॉकलेटं, चघळायच्या गोळ्या, बिस्किटं. घरातल्या मोठ्याने आपल्यासाठी आणलेलं पाकीट टेबलावर राहतं आणि तीन वर्षांचं पोर ते खाऊ समजून संपवतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, पण खाल्लेल्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे आईबापाला कळेपर्यंत सगळं पोटात गेलेलं असतं. कॅनडात असे पदार्थ विकायला परवानगी दिलेल्या प्रांतांमध्ये लहान मुलांना विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण खूप वाढलं. क्यूबेकने गोड पदार्थांना परवानगी नाकारली होती, तिथे ते तेवढं वाढलं नाही. देश तोच, वर्ष तेच, फरक फक्त नियमाचा. कायद्यातलं एक कलम कुठल्यातरी घरातल्या बाळाला वाचवतं किंवा वाचवत नाही, ते असं.

आता तुमच्या भीतीकडे येते. ती निराधार आहे असं म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. २०१९ मध्ये युरोपातल्या काही शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कधीच गांजा न घेणाऱ्यांच्या तुलनेत रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास, संशय, वास्तवाशी नातं तुटणं याची, शक्यता तिप्पट आढळली. रोज आणि तेही जास्त टीएचसीचा गांजा घेणाऱ्यांमध्ये ती जवळपास पाचपट होती. आणि गांजाही पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ मध्ये टीएचसी सरासरी ४ टक्के होता, २०१४ पर्यंत तो १२ टक्क्यांवर गेला होता. अर्क काढलेल्या प्रकारांत तो याच्या कितीतरी पट असतो. ‘आमच्या वेळी सगळेच ओढायचे, कुणाला काही झालं नाही’ असं कुणी म्हणालं तर तो वेगळ्याच पदार्थाबद्दल बोलतोय असं समजा.

पण दादा, इथे मला तुमच्याशी आणखी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती हळूच बोलते. रोज गांजा घेणाऱ्यांतल्याही बहुतेकांना सायकोसिस होत नाही. तुमच्या भावाला झाला. त्यात गांजाचा वाटा किती, वयाचा किती, आनुवंशिकतेचा किती, त्या दोन वर्षांत त्याच्या आयुष्यात आणखी काय चाललं होतं त्याचा किती, हे आज कुठलाही डॉक्टर वेगळं करून दाखवू शकणार नाही. हे मी गांजाला निर्दोष ठरवायला म्हणत नाही. ‘मी त्याला वेळेवर थांबवलं असतं तर’ हे वाक्य तुमच्या पत्रात कुठेच नाही, तरी ओळीओळीत ऐकू येतं, म्हणून म्हणते. आणि ‘तिला कसं थांबवू’ या प्रश्नातला ‘तिला’ हा शब्द मला पूर्णपणे मुलीसाठी वाटला नाही.

यात मुलीसाठी मात्र एक अगदी व्यवहाराची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही इतकी वर्षं तिच्यापासून दूर ठेवली. रक्ताच्या नात्यात असा आजार असेल तर धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि त्यात गांजाची भर पडली तर तो आणखी वाढतो. कमी वयात सुरुवात केली तर जास्तच. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला जे कदाचित पचेल ते तिला पचेलच असं नाही. उद्या ती शिकायला किंवा नोकरीला अशा देशात गेली जिथे कोपऱ्यावरच्या दुकानात हे रीतसर मिळतं, तर कायदा तिला अडवणार नाही. तिच्या घरातला इतिहास तिला ठाऊक असेल तरच ती स्वतःला अडवेल. ‘काकाला मानसिक आजार आहे’ एवढ्या माहितीवर तिने काय म्हणून सावध व्हावं? सगळ्यांना लागू होणारा कायदा कसा असावा यावर तिने खुशाल लिहावं. तिने स्वतः काय करावं हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर तुमच्याच घरात आहे.

तेव्हा तिला थांबवू नका. तिचा लेख थांबवून काही साधणार नाही, तो छापून झालाय आणि चार जणांनी वाचलाही असेल. कपाटाचं कुलूप काढा. अंक तिच्या हातात द्या आणि ‘मला हा वाचून दाखव’ म्हणा. मध्ये बोलू नका, मान्य नसेल तिथेही. अटकांचा मुद्दा आला की तो बरोबर आहे हे कबूल करा, बापाने मुद्दा मान्य केल्यावर मुलं पुढचं ऐकतात. तिने आधीच कधी घेऊन पाहिला आहे का हे पहिल्या दिवशी विचारू नका. विचारलंत तर ते संभाषण तिथेच चौकशी होऊन बसेल. तिला सांगायचं असेल तर काकाची गोष्ट ऐकल्यावर ती आपणहून सांगेल. तिच्या बोलण्या-वागण्यात खरोखर काही बदल दिसत असेल, झोप उडाली असेल, उगाच संशय घेत असेल, माणसांपासून तुटत चालली असेल, तर मात्र वाट न बघता मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तुमच्या भावाचे डॉक्टर आहेतच, पहिला फोन त्यांनाच करा.

आणि काकाची गोष्ट सांगण्याआधी एक काम. तुमच्या पत्रात भाऊ चार-पाच वाक्यांत येतो: ओढायला लागला, वायर कापली, गोळ्या घेतो. तो काय म्हणतो ते कुठेच नाही. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस तुमच्याच घरात राहतो, हा वाद त्याच्या कानावर पडतच असेल, बंद झालेलं बोलणंही त्याला कळत असेल. ती रात्र तुमची जेवढी आहे त्याहून जास्त त्याची आहे. म्हणून आधी त्याच्याकडे जा. औषध घेऊन जरा निवांत बसतो ती वेळ गाठा आणि त्याला विचारा, ‘पोरीला सांगू का?’ तो नको म्हणाला तर तपशील सोडा. ‘आपल्या घरात हा धोका आहे आणि गांजाने तो वाढतो’ एवढंच तिला सांगा, तेवढा तिचा हक्क आहे. तो हो म्हणाला तर त्याला आणखी एक विचारा: तू सांगशील, की मी सांगू?

मला पुन्हा लिहा. तो काय म्हणाला ते वाचायची मी वाट बघेन.